धार बाहेरच्या अंगाला

मंगळ., ५ ऑक्टोबर १९९३

तुमच्या गावाचं चिन्ह काय? आज दुकानात एका जर्मन गिऱ्हाइकाने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. आता घरी येऊन जेवण झालं, तरी येत नाही.

"चिन्ह म्हणजे?" असं विचारून मी वेळ काढला. तो म्हणाला, ढालीवर काढतात ते. त्यांच्याकडे प्रत्येक गावाला असतं. नदी, झाड, किल्ली, प्राणी, काहीतरी. पंचायतीच्या दारावर, आगीच्या बंबावर, शाळेच्या कागदांवर. 'वाप्पन' म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे गावाला असलं काही नसतं. मनात दुसरंच आलं होतं. असतं, तर ते ओढ्याच्या अलीकडच्या लोकांचं असतं की पलीकडच्या आमचंही? ते बोलले नाही.

नाव डीटर. इथे बहारीनमध्येच, मआमीरच्या पुढे कारखान्यात इंजिनिअर. पन्नाशीचा, उंच, मान उन्हाने लालबुंद. अदलियात कुठेतरी जेवायला आला होता, आमच्या काचेतल्या ढाली आणि ट्रॉफ्या बघून आत शिरला. त्याचं गाव पूर्वेकडच्या जर्मनीतलं. तीन वर्षांपूर्वी दोन्ही देश एक झाले, आता गावाची स्वतःची पंचायत आहे आणि तिला स्वतःचं वाप्पन ठरवायचंय. डिसेंबरात सभा. त्याची बहीण गेर्डा पंचायतीत आहे. त्याला आपल्याकडून एक रंगीत चित्र आणि सोबत अर्थ सांगणारा टाइप केलेला कागद पाठवायचाय.

गावाचं नाव 'ह'ने सुरू होतं, पुढे इतकी अक्षरं की मी ह. एवढंच लिहिणार.

मॅथ्यूसरांनी काम माझ्यावर टाकलं. "सुजाता बी.ए. है, ड्रॉइंग का सर्टिफिकेट भी है." दर गिऱ्हाइकाला सांगतात. लाज वाटते, आणि आवडतंही. घरातली पहिली पदवी. इथे रबर स्टॅम्पच्या दुकानात ती दिवसातून एकदा तरी जाहीर होते.

गुरु., ७ ऑक्टो.

पहिलंच चित्र चुकलं.

डी.ने लिहून दिलं होतं: उजवीकडे तांबड्यावर रुपेरी छाटणीची सुरी, खाली द्राक्षांचा घोस. डावीकडे रुपेरीवर हिरवं लिंडनचं पान (गावसभा त्या झाडाखाली भरायची म्हणे). तळाशी निळं, त्यात रुपेरी लाट, म्हणजे ओढा. मी सुरी उजवीकडे काढली. तो बघून हसला. वाप्पनात उजवं-डावं बघणाऱ्याचं नसतं, ढाल हातात धरून मागे उभ्या असलेल्या माणसाचं असतं. त्याचं उजवं ते आपलं डावं.

मॅ. सर चिडले. "दो साल से स्टॅम्प बनाती है, सब उल्टा पढ़ती है, और ये उल्टा नहीं समझी?" समजलं होतं हो! मला आधी शंका आली होती. मग वाटलं, मी सवयीने उलटं वाचतेय, म्हणून मुद्दाम सुलट केलं. दोनदा उलटवलं की चूक होतेच.

पण नियम आवडला. ढाल ज्याच्या हातात, दिशा त्याच्या.

दुसरा नियम: पिवळा आणि पांढरा हे रंग नव्हेत, धातू. सोनं, रुपं. रंगावर रंग नाही, धातूवर धातू नाही. लढाईत लांबून ओळखू यावं म्हणून.

शुक्र., ८ ऑक्टो.

सुट्टी. कपडे, केस, घरी पत्र. आबांना लिहिलं की गावाचं चिन्ह काढतेय, जर्मनीतल्या. ते वाचून बौद्धवाड्यात सगळ्यांना सांगतील, दोन दिवसांत त्याचं 'पोरगी जर्मनीला निघाली' होईल.

फिलोमिनाताई ड्यूटीवरून आल्या त्या चपलाही न काढता माझ्या कॉटवर आडव्या. आम्ही दोघी एका खोलीत, त्या वसईच्या, इस्पितळात नर्स. चित्र बघून म्हणाल्या, "गाव एवढंसं, आणि ढाल केवढी गो! लढायला कोण येणार होतं त्यांच्याशी?"

मंगळ., १२ ऑक्टो.

डी.ने जुन्या शिक्क्याची छायाप्रत आणली. मेणावर उठवलेला शिक्का, त्याचा मोठा केलेला फोटो, त्याची प्रत. पंचायतीला असलं काही जोडावं लागतं, म्हणजे चिन्ह हवेतून काढलेलं नाही हे कळतं.

तो गेल्यावर भिंग डोळ्याला लावून बसले. ही माझी रोजची सवय. शिक्का कुणाचाही असो, आधी कोरणाऱ्याचा हात बघते. लाट आहे. पान आहे. सुरी आहे. द्राक्षं नाहीत. सुरीखाली काहीच नाही, नुसती झिजलेली जागा.

आणि सुरीच्या कडेला एक बारीक रेघ आहे. पात्याच्या बाकाला धरून, शेवटपर्यंत. कोरणाऱ्याने मुद्दाम ओढलेली. धार दाखवायची असली की मीही अशीच रेघ ओढते.

रेघ बाहेरच्या अंगाला आहे. पोटाला. आत नाही.

आबा दर ऑक्टोबरला तासगावकडे द्राक्षछाटणीला जातात. आता कात्री आली, पण जुनी कोयती आमच्या घरी होती. ओढून कापायचं हत्यार, विळ्यासारखं. धार आतच असते. बाहेर धार असलेल्या कोयतीने कुणी वेल छाटेल कसा?

पाच वाजता डोकं दुखायला लागलं.

गुरु., १४ ऑक्टो.

दीक्षेचा दिवस. घरी सगळे पांढऱ्या कपड्यांत असतील. आई खीर करेल.

सकाळी गायकवाडदादांचा दुकानात फोन. त्यांनीच मला इथलं काम सुचवलं होतं. "संध्याकाळी ये गं. उम्म अल हस्समला आपली वीस-बावीस माणसं जमतील. वंदना, मग जेवण." मी म्हटलं काम आहे. काम नव्हतं.

का नाही गेले? त्याच रस्त्यावर देशपांडेकाकूंचा फ्लॅट आहे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम त्यांच्याकडे चालतं, शुद्धलेखन मी तपासते. काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "कुठली गं तू?" "सांगलीकडची." "अय्या, मग आमचीच की!" मी हसले. तेव्हापासून मी काकूंची आहे. माझं आडनाव कुठेही खपतं, तेवढ्यावर चाललंय.

बी.ए.ला असताना स्पर्धेत भाषण केलं होतं, 'आत्मसन्मान'. पहिलं बक्षीस.

सुरी कुठे बघितली ते आज आठवलं. बघितली नाही, ऐकली. आज्जा गावची मेलेली जनावरं ओढायचा, सोलायचा. दीक्षा घेऊन आला त्याच आठवड्यात सुरी विहिरीत टाकली. मी सातवीत असताना आबांनी अंगणात काडीने तिचा आकार काढून दाखवला होता. "धार पोटाला असती पोरी. आत धार आसली तर कातड्याला भोक पडतंय. ह्येच्यानं कापायचं न्हाई, सारत न्यायचं."

आबांनी काडीने काढलेलं आणि मेणातलं, एकच.

रवि., १७ ऑक्टो.

डी.ला सांगितलं. सरळ. "ही द्राक्षाची सुरी नाही. ही कातडं सोलायची आहे."

त्याने चष्मा काढून पुसला. परत घातला. "तुम्हाला कसं कळलं?"

"धारेवरून. मी कोरीवकाम करते." खोटं नाही. पण खरंही नाही.

"द्राक्षं झिजून गेली असतील," तो म्हणाला.

"तुमच्याकडे द्राक्षं पिकतात?"

"नाही. फार थंडी." मग एकदम हलक्या आवाजात, "मिस सुजाता, प्लीज, चित्रात घोस असू द्या."

मॅ. सर मागून ओरडले, "जो माँगता है वो बना के दो, खलास!"

घोस काढला. अकरा द्राक्षं. देठाला एक पानही दिलं. सुंदर झालाय, त्याचाच राग येतोय.

बुध., २० ऑक्टो.

डी. आला, मॅ. सरांना विचारून मला शेजारच्या कॅफेत घेऊन गेला. बाहेर बसलो. काचेतून सर आमच्याकडे बघत होते. कॉफी आली ती दोघांचीही गार झाली.

जसं सांगितलं तसं लिहिते.

त्याच्या आईचं माहेर ओढ्याच्या पलीकडे, गावाला सोडून असलेलं घर. आई अजून तिथेच राहते, एकटी. त्या घरात पूर्वी 'शिंडर' राहायचे. सगळ्या पंचक्रोशीतली मेलेली जनावरं उचलायची, सोलायची, पुरायची, हे त्यांचं पिढीजात काम. लोक त्यांच्या हातात हात देत नसत. चर्चमध्ये त्यांचं बाक मागे, वेगळं. गुत्त्यात त्यांचा पेला वेगळा, खुंटीला टांगलेला. मुलीबाळी दुसऱ्या गावच्या शिंडरांकडेच द्यायच्या. आजीच्या लहानपणापर्यंत त्यातलं काही काही होतं. पुढे काम गेलं, टोपणनाव राहिलं. त्याला शाळेत त्याच नावाने हाक मारायचे.

मी टेबलाची कड धरून बसले होते. दगडाचं टेबल, गार.

मग म्हणाला, गेर्डाला जुन्या दफ्तरात एक कागद सापडला. तिथल्या जमीनदाराने रानात आधी शिंडरला जागा दिली. घर, विहीर, ओढ्याचं पाणी. तेव्हा तिथे दुसरं कोणी नव्हतं. त्याच्या विहिरीच्या आधाराने मागून घरं आली, त्यांचं गाव झालं. म्हणून शिक्क्यात सुरी. मग गावानेच त्याला गावाबाहेर धरलं. आणि सुरी शिक्क्यातून काढता येईना, तेव्हा ती द्राक्षाची म्हणायला लागले.

"म्हणजे गावाच्या आधी तुमचं घर आहे," मी म्हटलं.

"हो."

"आणि तुम्हीच घोस दाखवायला सांगताय."

"माझी आई शहात्तर वर्षांची आहे. रोज सकाळी पाव आणायला जाते. त्या दुकानात काय बोलतील, ते मला माहीत आहे. तुम्हाला नाही."

मला नाही!

शुक्र., २२ ऑक्टो.

सकाळपासून चालत होते. खोलीतल्या खोलीत, मग गच्चीवर, मग रस्त्यावर, दुकानं बंद, ऊन. कशातच मन नाही.

कागद आहे त्यांच्याकडे! शिक्का आहे, दफ्तर आहे, लिहून ठेवलंय की आधी तुम्ही. आणि त्यावर अकरा द्राक्षं लटकवायची. आमच्याकडे तसला एक चिटोरा असता तर आबांनी तो चौकटीत लावला असता.

फि. ताईंना सगळं सांगितलं. त्या मासे साफ करत होत्या. "मी त्याला सांगणार, घोस रंगवणार नाही," असं म्हटलं. "खरं ते खरं. आईला काय वाटेल म्हणून गावाचा इतिहास खोटा लिहायचा?"

त्यांनी वर पाहिलंच नाही. "शिकव हां त्याला. तू मंडळात कोण म्हणून जातेस गो?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! तुझ्या बॅगेत झाकणाच्या आतून फोटो लावलाय तो काय मी बघितला नाही? दोन वर्षं एका खोलीत झोपतो आपण. भिंतीवर लाव म्हटलं तर खिळा नाही म्हणालीस. खिळा मी आणला. तो अजून खिडकीत पडलाय."

मी खिडकीतल्या खिळ्याकडे बघितलं.

"माझं काय जातंय," त्या म्हणाल्या. "माझ्या गळ्यात क्रूस आहे, मला कोणी विचारतच नाही. पण त्या जर्मनाच्या आईला पावाच्या दुकानात उभी करायच्या आधी तू एकदा काकूंच्या स्वैपाकघरात उभी राहून बघ."

जेवले नाही. मासे चांगले झाले असणार, वास येत होता.

सोम., १ नोव्हें.

दहा दिवस लिहिलं नाही. चित्र दोनदा काढलं, दोनदा ठेवून दिलं. डी. दोनदा येऊन गेला, मी दोन्ही वेळा रंग वाळायचाय म्हटलं. मॅ. सर म्हणतात, "कौन सा कलर है जो दस दिन सूखता है?" जानेवारीत माझा व्हिसा नवा करायचाय, सही त्यांची लागते. असं करून चालायचं नाही.

शुक्र., ५ नोव्हें.

सांगितलं.

काकूंकडे दिवाळी अंकाची शेवटची प्रुफं. स्वैपाकघरात मी ओट्याला टेकून वाचत होते, काकू चकल्या पाडत होत्या. त्या म्हणाल्या, "यंदा लक्ष्मीपूजनाला आमच्याकडेच ये गं, तुझं इथे कोण आहे?" मी म्हटलं, "काकू, आमच्याकडे लक्ष्मीपूजन नसतं. आम्ही बौद्ध आहोत."

सोऱ्या थांबला.

"अय्या," काकू म्हणाल्या. "वाटत नाही हो तुझ्याकडे बघून!"

मग लगेच, "म्हणजे आम्ही तसलं काही मानत नाही हां. ह्यांच्या ऑफिसात किती आहेत. हुशार असतात अगदी."

नेहा दारात उभी होती, त्यांची मुलगी, दहा वर्षांची. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत. "मम्मी, व्हॉट डज शी नॉट लुक लाइक?"

तेल तापलं होतं, काकूंनी चकल्या सोडल्या. मला चार चकल्या दिल्या, बशीत, दोन्ही हातांनी, पाहुण्याला देतात तशा. एरवी "घे गं डब्यातून" म्हणतात.

वाईट काही झालं नाही. हेच सांगायचंय. कोणी हाकललं नाही, कोणी अपशब्द बोललं नाही. फक्त मी होते ती सुजाता राहिले नाही, आणि दुसरी कोण झाले ते काकूंनी ठरवलं, चकली तळता तळता.

जिना उतरून रस्त्यावर आल्यावर हलकं वाटलं. पण हलकं वाटलं ते उतरल्यावर. त्या घरात रोज राहायचं असतं तर?

फि. ताईंना सांगितलं. "बरं झालं," एवढंच. मग थोड्या वेळाने, "खिळा ठोकू?"

ठोकला. भिंत काँक्रीटची, तीन वेळा वाकला.

रवि., ७ नोव्हें.

डी. आला तेव्हा मॅ. सर आतच होते, ट्रॉफ्यांच्या पाट्या जुळवत. मी म्हटलं, त्या दिवशी तुम्ही विचारलंत, मला कसं कळलं. कोरीवकामावरून नाही. माझे आजोबा तेच काम करायचे. आमची वस्ती गावाच्या बाहेर, विहीर वेगळी. बाकाचं म्हणाल तर देवळात आम्हाला बाकच नव्हतं.

इंग्रजीत सांगणं सोपं गेलं. परकी भाषा अंगाला चिकटत नाही.

डी. म्हणाला, "आणि तुम्ही माझ्यासाठी द्राक्षं काढलीत."

मॅ. सरांच्या हातातली पाटी तिथेच. "अच्छा," ते म्हणाले. "तो तुम लोग..." चार वाजता चहा आला, त्यांनी माझा कप नेहमीसारखा माझ्याकडे सरकवला. मी नेहमीपेक्षा जास्त लक्ष ठेवून होते, हे मात्र नवीन. आता बहुतेक हे असंच.

मंगळ., १६ नोव्हें.

दोन्ही चित्रं पुरी. डी.च म्हणाला होता, दोन्ही करा, मग ठरवू.

एक: धार आत, घोस. दुसरं: धार बाहेर, खाली तांबडी मोकळी जागा. बाकी पान तेच, लाट तीच. बाहेरच्या धारेला पातळ पांढरी कड दिली आहे, शिक्क्यात आहे तशी. माझ्या हातून असं काम अजून झालं नव्हतं.

अर्थाचे कागदही दोन. एकात, 'सुरी हे पूर्वीच्या द्राक्षबागांचं प्रतीक.' दुसऱ्यात, 'सुरी ही गावातल्या पहिल्या घराची.' जर्मन डी.ने लिहिलं, टाइप मी केलं. टाइप करताना एकेक अक्षर बघून.

गुरु., १८ नोव्हें.

डी. दोन्ही चित्रं टेबलावर मांडून उभा राहिला. बसलाच नाही. शनिवारी त्याला कारखान्याच्या कामासाठी सौदीत जायचंय, दोन आठवडे.

"आईशी बोललात?" मी विचारलं.

"तीनदा फोन लावला. हवापाणी बोललो. गेर्डा म्हणते तू ठरव, घर तुझ्याही नावावर आहे."

मग त्याने खिशातून पंचायतीच्या पत्त्याची पट्टी काढली, टाइप केलेली, आणि चित्रांच्या मधोमध ठेवली. "तुम्ही निवडा. एक ट्यूबमध्ये घाला, बंद करा, पाठवा. कोणतं ते मला सांगू नका. परत आलो की बहिणीकडून कळेलच."

"मी का?"

"कारण तुम्ही घाबरत नाही."

"महिन्यापूर्वी म्हणाला असतात तर मी आनंदाने निवडलं असतं," असं मी म्हटलं. त्याला वाटलं मी होकार दिला. हात पुढे केला. मी हात मिळवला. हाताला घाम होता, त्याच्या की माझ्या, कळलं नाही.

आता हे माझ्याकडे. महिन्यापूर्वीची मी कुठे गेली? तिला पक्कं ठाऊक होतं.

शनि., २० नोव्हें.

दोन रात्री नीट झोप नाही. दिवसा दुकानात नावाच्या पाट्या कोरताना एका दंतवैद्याचं नाव चुकलं, अख्खी पाटी फुकट.

घोसवालं पाठवलं तर मी खोटं बोलले. दुसरं पाठवलं तर मी खरं बोलले, आणि त्याचं जे होईल ते पावाच्या दुकानात एक म्हातारी बाई सोसेल, जिने मला कधी पाहिलं नाही. काकूंना मी माझं सांगितलं. ते मीच सांगायचं होतं. फि. ताईंनी माझ्या वतीने काकूंना परस्पर सांगितलं असतं, अगदी चांगल्या हेतूने, तर मी त्यांचं तोंड पाहिलं नसतं.

पण मग खोटं टिकू द्यायचं? शिक्का एकदा मंजूर झाला की शंभर वर्षं. बंबावर द्राक्षं.

फि. ताई म्हणाल्या, "एवढा विचार करतेस, तिला विचारलंस का? त्याने नाही विचारलं ते सोड. तू?"

"तिला इंग्रजी येत नाही."

"नात असेल गो. सगळ्यांना नात असते."

सोम., २२ नोव्हें.

झालं. पाठवलं.

सकाळी डी.चा ऑर्डर फॉर्म काढला. 'कायमचा पत्ता' या रकान्यात त्याने बहारीनचा पत्ता लिहिलेला नाही, ओढ्यापलीकडच्या घराचा लिहिलाय. आईचं नाव, घर क्रमांक एक. गावात पुढे कितीही घरं झाली तरी पहिला आकडा त्याच घराचा आहे, हे त्याच्याही लक्षात आलं नसेल. तो पत्ता मी ट्यूबवर स्वतःच्या हाताने लिहिला. पंचायतीच्या पत्त्याची पट्टी तशीच सुटी आत ठेवली. दोन्ही चित्रं, दोन्ही कागद.

वर एक पत्र. सोप्या इंग्रजीत, गेर्डाच्या मुलीला (ती शाळेत इंग्रजी शिकते, डी. एकदा म्हणाला होता) वाचून दाखवता येईल असं. चार वेळा लिहिलं, पाचवं राहिलं:

'आजी, मी बहारीनमधल्या दुकानात चित्रं काढते. तुमच्या मुलाने मला दोन चित्रांतून एक निवडायला सांगितलं. मी निवडू शकत नाही. एकात सुरीची धार आत आहे, दुसऱ्यात बाहेर. बाहेरची धार मी ओळखली, कारण माझे आजोबा हेच काम करत. मी हे इथे दोन ठिकाणी सांगितलं आहे. एका ठिकाणी मला चहा मिळाला, एका ठिकाणी चकली, पण ती पाहुण्याची. दोन्ही वेळा मीच सांगितलं. सभेपुढे कोणतं चित्र जावं हे तुम्ही ठरवा. पत्त्याची पट्टी आत आहे. दोन्ही नको असतील तर दोन्ही चुलीत घाला, मला राग येणार नाही.'

चकलीला इंग्रजी शब्द सापडला नाही, 'तळलेलं खाणं' लिहिलं.

मॅ. सरांनी कुरिअरचा फॉर्म वाचला. "ये पंचायत तो नहीं है. ये कौन?"

"उनकी माँ."

"कस्टमर ने ऐसा बोला?"

"नहीं. उसने बोला, तुम चुनो. मैंने ये चुना."

त्यांनी पेन हातात तसंच धरून ठेवलं. रागावतील असं वाटलं, जानेवारीचा व्हिसा डोळ्यांपुढे आला. "वो आ के पूछेगा तो तुम जवाब देना. मैं नहीं." मग सही केली.

डी. चार डिसेंबरला परत. त्याला मी पहिल्याच दिवशी सांगणार, बहिणीकडून कळायच्या आत. काय म्हणेल ते म्हणेल.

पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. मला स्वतःला कोणतं चित्र हवंय, ती. शेवटच्या ओळीला ती लिहायला पेन दोनदा टेकवलं. फार लिहावंसं वाटलं. टोपण लावलं, ट्यूबला चिकटपट्टी केली. कुरिअरची गाडी साडेतीनला येऊन घेऊन गेली.